निवडून दिलेलं नेट नको, पुरतं नेट हवं

अकरावीचे प्रवेश 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आता अकोले तालुक्यातल्या राजूर, कोतूळ, शेंडीच्या मुलामुलींनाही दहावीचा निकाल हातात पडला की फॉर्म भरण्यासाठी मोबाइल नाहीतर महा ई-सेवा केंद्र गाठावं लागतं. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वयम योजनेचा अर्जही ऑनलाइन. बापाच्या भाताची नोंद करायची तर बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटो काढायचा. ही सोय, किंवा सक्ती म्हणा, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आहे. आईच्या लाडकी बहीण योजनेची ई-केवायसीही मोबाइलवरच. अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात ज्याच्याकडे जेमतेम एक स्मार्टफोन आणि एक सिम आहे, त्या घराचं शिक्षण, शेती आणि सरकारशी असलेलं नातं त्या एका सिमवर येऊन ठेपलं आहे.

म्हणून या लेखात एकाच गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. रिचार्ज मारल्यावर मिळणाऱ्या नेटवर काय उघडावं, काय वेगानं चालावं आणि कशाचा डाटा कापला जाऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार मोबाइल कंपनीला असता कामा नये. तो तुमचा आहे. भारतात तसा नियम आहे आणि तो बराच कडक आहे. पण नियम पुस्तकात असून भागत नाही. तो माहीत असलेली माणसं गावोगावी लागतात.

राजूरहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत कंडक्टर टप्प्याप्रमाणे तिकीट फाडतो. अकोल्यात उतरून तुम्ही कोणत्या दुकानात जाणार, हे विचारून तो भाडं ठरवत नाही, आणि अमुक दुकानात जाणाऱ्याला पुढची सीट, बाकीच्यांनी उभं राहा, असंही म्हणत नाही. मोबाइल कंपनीचं काम एवढंच. डाटा किती वापरला त्याचे पैसे तिनं जरूर घ्यावेत, पण तो डाटा यूट्यूबवर गेला, विश्वकोश वाचण्यात गेला की गावातल्या पोरानं बनवलेल्या संकेतस्थळावर गेला, यावरून दर बदलू नये, वेग बदलू नये, आणि काही अडवू तर मुळीच नये. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. 2003 मध्ये टिम वू या अमेरिकी कायदेतज्ज्ञानं हे नाव रूढ केलं. आपल्याकडे त्यावर मोठं रण माजलं ते 2015 मध्ये, आणि त्या रणात महाराष्ट्रातला एक शेतकरी पुढे केला गेला होता.

त्याची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीनं भारतात इंटरनेट डॉट ऑर्ग नावाची सेवा आणली. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. रिलायन्सचं सिम असलेल्या माणसाला काही ठरावीक संकेतस्थळं फुकट मिळणार, डाटा पॅक नसला तरी. पुढे सप्टेंबरमध्ये तिचं नाव बदलून फ्री बेसिक्स झालं. विरोध वाढला, तेव्हा 28 डिसेंबर 2015 रोजी मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला: तो फ्री बेसिक्सवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, त्यामुळे त्याचा फायदा झाला, आणि आम्ही हे सारं अशाच माणसांसाठी करतो आहोत. रस्त्यारस्त्यांवर जाहिरातींचे फलक लागले, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या.

हवामान आणि बाजारभाव शेतकऱ्याला हवेत, यात शंका नाही. पण शेतकऱ्याला तेवढंच हवं, हे परस्पर कोणी ठरवलं? फ्री बेसिक्सवर व्हिडिओ चालत नव्हता. नेटवरून बोलणं होत नव्हतं. मोठी चित्रं दिसत नव्हती. ज्या संकेतस्थळाला त्या यादीत यायचं, त्यानं फेसबुकच्या तांत्रिक अटींप्रमाणे स्वतःला कापूनछाटून घ्यायचं, आणि वाचणाऱ्याची सारी ये-जा फेसबुकच्या यंत्रणेतून व्हायची. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आज नेटवर कोणालाही वाचता येतो. तो त्या अटींत बसवून त्या यादीत नेऊन ठेवायला कोण धावलं असतं? 1 मे 2003 पासून हौशी माणसांनी लेखामागून लेख लिहून उभा केलेला मराठी विकिपीडिया घ्या, नाहीतर नगरच्या एखाद्या शेतकऱ्यानं डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी स्वतःच्या शिवारात उभं राहून काढलेला व्हिडिओ घ्या. शेतकरी आज खरं जे शिकतो ते दुसऱ्या शेतकऱ्याच्या अशा व्हिडिओतून शिकतो. फुकटच्या यादीत नेमकं तेच नव्हतं.

‘अगदीच नसण्यापेक्षा थोडं मिळालं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न तेव्हा प्रामाणिकपणे विचारणारी खूप माणसं होती, आजही भेटतात. गरिबाच्या तोंडचा घास काढून घेतलात, असंही ऐकवलं गेलं. या प्रश्नाला बगल देऊ नये. माझं उत्तर असं की शहरातला माणूस एका सिमवर नाही चाललं तर दुसरं घेतो, घरी वायफाय असतं, ऑफिसात असतं. त्याला यादीबाहेरचं जग दिसत राहतं. साम्रद किंवा कुमशेतसारख्या आडगावातल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा नेट मिळालं असतं ते त्या यादीच्याच रूपात. मग यादीलाच तो इंटरनेट समजला असता. ट्रायनं, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, आपल्या फेब्रुवारी 2016 च्या निर्णयात नेमका हाच मुद्दा मांडला आहे: देशातली बहुसंख्य जनता अजून नेटवर यायची असताना ते नेट कसं असावं हे कंपन्यांना ठरवू दिलं, तर लोकांचा नेटचा सारा अनुभवच त्या कंपन्या घडवतील. गरिबाला स्वस्त नेट द्यायचं तर ते सगळं द्या, हवं तर थोडं द्या. याच ट्रायनं डिसेंबर 2016 मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला 100 एमबी डाटा फुकट द्यावा आणि त्याचा खर्च सरकारी निधीतून करावा, अशी शिफारस केली होती. त्या 100 एमबीत काय बघायचं ते ग्राहकानं ठरवायचं. मदत आणि मेहेरबानी यांतला फरक मला इथे दिसतो.

2015 च्या आगेमागे घडलेल्या बाकीच्या घटना भराभर सांगतो, कारण पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलनं नेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि लोकांच्या संतापापुढे मागे घेतलं. एप्रिल 2015 मध्ये तिनंच एअरटेल झीरो आणलं. त्यात ॲपची मालक कंपनी एअरटेलला पैसे देणार आणि ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार होतं. टीका झाली आणि फ्लिपकार्टनं अंग काढून घेतलं. त्याच सुमारास ट्रायनं मागवलेल्या मतांवर दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ते पाठवणारे बहुतेक साधे लोक होते, विद्यार्थी, नोकरदार. अखेर 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायनं नियम काढला: मजकूर कोणता आहे हे बघून डाटाचे वेगवेगळे दर लावायचे नाहीत. मोडला तर दिवसाला 50 हजार रुपये दंड, जास्तीत जास्त 50 लाख. आपत्तीच्या काळात आणीबाणीच्या सेवांसाठी तेवढी सूट. फ्री बेसिक्स भारतातून गेलं. दराचा प्रश्न असा सुटला. वेगाचा आणि अडवणुकीचा प्रश्न 2018 मध्ये सुटला. त्या वर्षी जुलैत सरकारनं ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या आणि सप्टेंबरमध्ये कंपन्यांच्या परवान्यातच अट घातली, की कोणताही मजकूर अडवायचा नाही, मुद्दाम मंद करायचा नाही, कोणाला खास वेग द्यायचा नाही. दुरून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेसारख्या काही विशेष सेवा, जाळं सांभाळण्यासाठीची वाजवी व्यवस्था आणि न्यायालयाचे किंवा सरकारचे कायदेशीर आदेश हे मुख्य अपवाद. अमेरिकेत हा नियम 2015 मध्ये आला, 2017 मध्ये गेला, 2024 मध्ये परत आला आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं पुन्हा रद्द केला. या बाबतीत आपला नियम त्यांच्यापेक्षा भक्कम निघाला.

आता राजूरकडे येऊ. या नियमाचा तुम्हाला रोज फायदा होतो, पण तो दिसत नाही, कारण अडथळा नसला की त्याची जाणीव होत नाही. भंडारदऱ्याला काजवा महोत्सवाच्या दिवसांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारा एखादा तरुण रतनवाडीच्या घरातून आपल्या अंगणाचा व्हिडिओ टाकतो. मुंबईतल्या माणसाच्या मोबाइलवर तो ज्या वेगानं उघडतो, त्याच वेगानं एखाद्या बड्या हॉटेल कंपनीची जाहिरात उघडते. त्या तरुणानं कोणत्याही मोबाइल कंपनीला एक रुपया दिलेला नसतो. एअरटेल झीरोसारखी पद्धत रुजली असती, तर बड्या कंपनीचं पान फुकट आणि या पोराच्या पानाला डाटा लागतो, असं झालं असतं, आणि फुकट सोडून पैशाचं कोण बघतं? राजूरचे पेढे, डांगी बैलांची खरेदी-विक्री, काळभात, मध, हिरडा, जे जे इथून बाहेर विकायचं आहे, त्या सगळ्याला हेच लागू. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याविषयी, त्यांच्या वाणांविषयी आज कोणीही शोधू शकतं, आणि एखाद्या बियाणे कंपनीचं पान त्यांच्या पानाआधी पोचावं म्हणून मोबाइल कंपनीला पैसे चारता येत नाहीत. मला हा नियम जपावासा वाटतो तो मुख्यतः या कारणासाठी. नेटवर फक्त बघणारे असतात असं धरून चाललं की गरिबाला थोडं दाखवलं तरी पुरे वाटतं. त्यालाही काही दाखवायचं असतं, विकायचं असतं, सांगायचं असतं.

आता नेट अडलं तर काय करायचं ते. आपल्या भागात नेट न चालण्याची दहा कारणं असतात आणि त्यातली बहुतेक भेदभावाची नसतात. ती वेगळी ओळखता आली पाहिजेत, नाहीतर तक्रार पहिल्याच फटक्यात फेटाळली जाते.

पहिलं कारण रेंज. डोंगराच्या आड, दरीत, पावसाळ्यात वीज गेल्यावर टॉवर बंद पडला की सगळंच बंद पडतं. असं असेल तर तो भेदभाव नाही, सेवेतला दोष आहे. त्याचीही तक्रार करता येते, पण वेगळ्या शब्दांत. दुसरं कारण रोजची मर्यादा. दिवसाचा दीड किंवा दोन जीबी संपला की वेग पडतो, बहुतेक पॅकमध्ये 64 केबीपीएसपर्यंत. हा वेग म्हणजे नेमकं काय, ते एकदा हिशेब करून बघा. एक एमबीची फाइल उतरायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. चार एमबीचा शासन निर्णय उघडायचा तर आठ-नऊ मिनिटं, तीही रेंज एकसारखी राहिली तर. फॉर्मला जोडायचा जातीचा दाखला स्कॅन करून दोन एमबीचा झाला असेल, तर तो वर चढेपर्यंत संकेतस्थळ तुम्हाला बाहेर काढतं आणि सगळं पहिल्यापासून. हे सर्वांसाठी, सर्व मजकुराला सारखं होत असल्यामुळे नियमात बसतं. उपाय तुमच्या हातात आहे: अर्जाच्या दिवशी सकाळी आधी अर्ज भरा, व्हिडिओ नंतर. कागदपत्रं आदल्या दिवशीच अर्जात सांगितलेल्या आकाराची करून ठेवा.

तिसरं, संकेतस्थळच कोलमडलेलं असणं. शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टल हँग होणं कोणाला नवीन नाही. नाशिकच्या, पुण्याच्या नातेवाइकाला फोन करून विचारा. त्याच्याकडेही उघडत नसेल तर दोष तुमच्या सिमचा नाही. चौथं, सरकारी किंवा न्यायालयीन आदेशानं बंद केलेलं पान. तिथे बहुतेक वेळा तशी पाटी येते. तो विषयच निराळा. त्याला न्यायालयात आव्हान देता येतं, आणि अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 10 जानेवारी 2020 रोजी सांगितलं आहे की नेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेनं दिलेलं आहे आणि नेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत.

ही चारही कारणं बाजूला काढल्यावर जे उरतं, त्याच्याकडे संशयानं बघा. बाकी सगळं नीट चालतंय, वेग मोजला तर चांगला येतोय, पण एकच ॲप किंवा एकच संकेतस्थळ रोज रखडतंय. अशा वेळी त्याच जागी, त्याच वेळेला दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर तेच उघडून बघा. तिथे सुरळीत चाललं, तर दोन्ही मोबाइलचे स्क्रीनशॉट घ्या. वेग मोजायला ट्रायचं मायस्पीड ॲप आहे; त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा. तारीख, वेळ, गाव, वाडी लिहून ठेवा. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी हे करा. एवढा पुरावा असला की कंपनीला ‘तुमच्या हँडसेटचा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणून सुटता येत नाही.

पॅक घेतानाही डोळे उघडे ठेवायला हवेत. रिचार्जसोबत एखाद्या सिनेमाच्या ॲपचं सदस्यत्व फुकट मिळणं चालतं, कारण ते ॲप बघताना डाटा कापला जातोच. पण ‘हे ॲप वापरा, डाटा कापला जाणार नाही’ अशी जाहिरात दिसली किंवा दुकानदारानं तसं सांगितलं, तर ते 2016 च्या नियमाविरुद्ध जाण्याची दाट शक्यता आहे. जाहिरातीचा फोटो काढा. फक्त व्हॉट्सॲप आणि फेसबुकपुरते स्वस्त पॅक पूर्वी मिळायचे, ते आठवत असतील. ते बंद होण्याचं कारण हाच नियम. ते पॅक परत यावेत असं म्हणणारी माणसं मला भेटतात, आणि त्यांचा खिसा बघता त्यांना दोष देववत नाही. पण त्या पॅकवर मुलीचा अकरावीचा फॉर्म भरता आला नसता.

तक्रारीची वाट अशी. आधी आपल्याच कंपनीच्या 198 या फुकटच्या क्रमांकावर फोन करायचा किंवा कंपनीच्या ॲपवरून तक्रार नोंदवायची. तक्रार क्रमांक, ज्याला कंपन्या डॉकेट नंबर म्हणतात, तो मागून घ्यायचा. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. त्याला पैसे पडत नाहीत, ईमेलनं किंवा पोस्टानंही अपील करता येतं, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. तिथेही हात हलवत परत यावं लागलं, तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार टाका. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण एखादी कंपनी नियम मोडून पॅक विकत असल्याचं तिला जरूर कळवता येतं, आणि तो पॅक मागे घ्यायला लावण्याचा अधिकार तिला आहे. नुकसानभरपाई हवी असेल तर अहिल्यानगरचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच; मोबाइल सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

शब्द कसे वापरावेत, हे पुष्कळांना अडतं. असं लिहिता येईल: ‘माझा क्रमांक अमुक. मी राजूरजवळच्या अमुक गावात राहतो. अमुक तारखांना अमुक वेळेला आपल्या नेटवर अमुक संकेतस्थळ उघडलं नाही. त्याच वेळी इतर संकेतस्थळं व्यवस्थित चालत होती आणि वेग इतका होता. त्याच ठिकाणी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर हे संकेतस्थळ उघडलं. स्क्रीनशॉट जोडले आहेत. आपल्या परवान्यातील भेदभाव न करण्याच्या अटीनुसार कारण लेखी कळवावं आणि अडथळा दूर करावा.’ एवढं पुरे. राग, टोमणे, लांबण नको. ‘कारण लेखी कळवावं’ हे तीन शब्द मात्र गाळू नका.

सिम बदलायचं ठरवलंत तर आधी बघा की नव्या कंपनीची रेंज तुमच्या वाडीवर आहे का. कंपन्यांना आपल्या रेंजचा नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो, पण नकाशावर विसंबू नका. त्या कंपनीचं सिम असलेल्या पाहुण्याला घराच्या चारही कोपऱ्यांत उभं करून बघा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर 1900 वर पाठवायचा.

सारखं नेट म्हणताना एक बाजू नेहमी राहून जाते, ती अंध आणि कमी दिसणाऱ्या माणसांची. मोबाइल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं, फोटो वाचत नाही. कार्यालयं सूचनेचा कागद वाकडातिकडा स्कॅन करून टाकतात, शाळा वेळापत्रकाचा फोटो गटावर टाकतात. ज्याला दिसत नाही त्याच्यापर्यंत त्यातलं अक्षरही पोचत नाही. सरकारी माहिती अशा लोकांना वाचता येईल अशा रूपात द्यायची, हे दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये लिहिलेलं आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ई-केवायसीच्या संदर्भात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तुम्ही शिक्षक असाल, ग्रामसेवक असाल, बचत गटाच्या ताई असाल, तर सूचना फोटोबरोबर टाइप करूनही टाका. दोन मिनिटांचं काम आहे आणि जुन्या मोबाइलवर, मंद नेटवर तेच आधी उघडतं.

विद्यार्थ्यांसाठी आणखी थोडं. रेंज जिथे चांगली, तिथे असताना बालभारतीची पुस्तकं आणि दीक्षा ॲपवरचे पाठ उतरवून ठेवा. घरी नेटशिवाय ते वाचता-बघता येतात. किविक्स नावाच्या ॲपमध्ये विकिपीडिया एकदा उतरवून ठेवला की पुढे डाटा लागत नाही. आश्रमशाळेत संगणक असेल तर हे सगळं एका संगणकावर ठेवून सगळ्या मुलांना पेनड्राइव्हवर देता येईल. गुरुजींनी मनावर घेतलं तर एका शनिवारचं काम.

या नियमावर आता पुन्हा नव्यानं दडपण येतं आहे. गेल्या काही वर्षांपासून मोबाइल कंपन्या म्हणताहेत की व्हिडिओ आणि मेसेजची मोठी ॲपं आमचं जाळं वापरून गडगंज होतात, तर त्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा. ऐकायला रास्त वाटतं. पण डाटाचे पैसे ग्राहकानं आधीच मोजलेले असतात, आणि ॲपवाल्यांनी कंपनीला पैसे द्यायची प्रथा एकदा पडली की देणाऱ्याची आणि न देणाऱ्याची वागणूक वेगळी व्हायला वेळ लागत नाही. मोठी ॲपं देतील. मराठीतली छोटी कुठून देणार? जुलै 2023 मध्ये ट्रायनं अशा ॲपवर नियंत्रण आणण्याविषयी आणि काही ॲप निवडून बंद ठेवण्याविषयीही मतं मागवली होती. अशी मागणी पुन्हा निघेल. ट्रायचा सल्लामसलतीचा कागद तिच्या संकेतस्थळावर येतो, कोणीही ईमेलनं मत पाठवू शकतं. पाठवताना एक ध्यानात ठेवा. 2015-16 मध्ये फेसबुकनं लाखो लोकांच्या नावे एकाच साच्यातला पाठिंबा ट्रायकडे पाठवला आणि ट्रायनं सांगितलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत. छापील मजकुरापेक्षा राजूरच्या एखाद्या मुलीनं आपल्या अकरावीच्या फॉर्मची हकीकत लिहून त्यांच्या प्रश्नाला दिलेलं सरळ उत्तर जास्त वजनाचं ठरतं.

आणि रेंजच नसलेल्या वाड्यांचं काय? त्यांना तर अजून दारातच यायचं आहे. केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये 24,680 गावांत 4जी पोचवण्याची योजना मंजूर केली, काम बीएसएनएलकडे दिलं. आपली वाडी त्या यादीत आहे का, टॉवरला जागा दिली आहे का, वीज जोडली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा आणि माहितीच्या अधिकारात बीएसएनएलला लेखी विचारा. अकोले तालुक्यातली बरीच गावं पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतात. तिथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. ग्रामसभेत ठराव करा. ठरावात वाड्यांची नावं, प्रत्येक वाडीतली शाळकरी मुलांची संख्या आणि जवळची रेंज किती अंतरावर मिळते ते लिहा. त्याची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या, आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.